हात लावलेला मासा

सोमवारी सकाळी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसच्या दारात हितेशनं नेहमीप्रमाणे उजव्या हाताचं पहिलं बोट हजेरीच्या यंत्रावर ठेवलं आणि यंत्राचा दिवा लाल झाला. पुन्हा प्रयत्न करा, असं यंत्रातली बाई म्हणाली. त्यानं बोट शर्टाला पुसलं, परत ठेवलं. बाई परत तेच म्हणाली, त्याच सुरात, जराही न चिडता. मागे लोक खोळंबले होते. डिस्पॅचमधला दर्शन म्हणाला, "काय रे, शनिवार-रविवारात बोट बदलून आलास काय?" सगळे हसले. हितेशही हसला, कारण अशा वेळी माणूस दुसरं काय करणार? बोटाच्या पेरावर एक बारीक चीर होती. तिथून ती तुटत तुटत तळहातावर उतरत होती आणि करंगळीखाली जाऊन चांगली खोल झाली होती. तिथं हेमानं, त्याच्या बायकोनं, पट्टी लावून दिली होती. वॉचमनला दया आली. "जा साहेब, मी सांगतो वर," म्हणत त्यानं दार उघडून दिलं. पंधराएक वर्षं ह्याच बोटानं आत येणारा माणूस त्या सकाळी वॉचमनच्या मेहेरबानीनं आत गेला, आणि खुर्चीत बसल्यावर हात पालथा घालून टेबलावर ठेवता झाला, म्हणजे ती चीर कुणाला दिसू नये.

पण पालथ्या हाताखाली ती ठसठसत होतीच. त्याच्या टेबलाच्या पलीकडे काचेची केबिन होती. पूर्वी तिथं त्र्यंबक साहेब बसायचे. आता दुसरं कुणी बसतं, पण हितेशच्या डोळ्यांना तिथं अजून साहेबच दिसायचे आणि त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला तो फोटो. फोटोत तरुण, दाट केसांचे साहेब, बरोबर दोन-तीन गोरे लोक, आणि मधे उलटा टांगलेला एक मासा, ज्याचे बाजूचे पंख इतके लांब की शेपटीकडे निघाल्यासारखे. अल्बाकोर, साहेब सांगायचे. कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, जातीतला, पण आपल्याकडे किनाऱ्याला येत नाही, भर समुद्रातला मासा. कंपनीनं पंपांच्या कामासाठी त्यांना केपटाऊनला पाठवलं होतं तेव्हाचा. हितेश नवा नवा लागला होता तेव्हा कौतुकानं म्हणाला होता, "साहेब, केवढा पकडलात!" आणि साहेब नुसतं हं म्हणाले होते. त्या हंचा अर्थ त्याला परवा, शनिवारी पहाटे, अलिबागच्या रस्त्यावर गाडीत कळला. "तो मासा माझा नाही रे," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "गळाला माझ्या लागला. पण बोट अशी हलत होती की पोटात ढवळून आलं. मी रॉड शेजारच्याच्या हातात दिला. फक्त उलटी होईपर्यंत. तोंड पुसून वळलो तर मासा त्याचा झाला होता. त्यांच्यात तसाच नियम आहे. लागल्यापासून वर येईपर्यंत एकाच माणसाच्या हातानं. दुसऱ्याचं बोट लागलं की संपलं. फोटोत मला त्यांनी भलेपणानं उभं केलं." मग म्हणाले, "इतकी वर्षं तो काचेखाली ठेवला तो मिरवायला नाही. आठवण राहावी म्हणून."

साहेबांच्या हातांना कंप सुरू झाला तो निवृत्तीच्या आधी. सुरुवातीला सही वाकडी यायची, मग चहाचा कप बशीत वाजायला लागला. आता त्यांची मुलगी मेघाली त्यांना अर्धाच कप भरून देते. बायको गेल्यापासून साहेब मेघालीकडेच असतात, टेंभी नाक्याजवळच्या तिच्या फ्लॅटमध्ये. तिनं बाबांना समुद्रावर जाऊ द्यायला साफ नकार दिला होता. शेवटी महिनाभर घरात अबोला चालल्यावर कबूल झाली. "एकदाच. पुढच्या वर्षी विचारायचं नाही," ती म्हणाली. पुढच्या वर्षी विचारण्यासारखे हात राहणार नाहीत हे बापलेकीला दोघांनाही माहीत होतं. मग तिनं हितेशला फोन केला. "दादा, तुम्ही जाल ना बरोबर? त्यांना सांभाळा." साहेबांनी हितेशलाच का निवडलं ह्याचं कारण सोपं होतं. तो चेंदणी कोळीवाड्याचा, दाजी कोळ्याचा मुलगा. साहेबांना वाटलं, ह्याच्या रक्तातच दर्या आहे. हितेशला हे सांगायला तोंड झालं नाही की त्यानं आयुष्यात भर समुद्र पाहिलेला नाही. त्याच्या बापानं जे काही केलं ते ठाण्याच्या खाडीत, गुडघाभर चिखलात, एका होडीच्या जिवावर, आणि पुढे खाडीच्या पाण्याला वास यायला लागल्यावर तेही सोडून एका कारखान्याच्या दारावर राखणदार म्हणून उभा राहिला. त्याच कारखान्याचं पाणी खाडीत सुटायचं. दाजी ह्यावर कधी काही बोलला नाही. मरेपर्यंत घरी आला की आधी पाय धुवायचा, चिखल नसला तरी.

दुपारी हितेशनं डाव्या हातानं डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती, तिखट नव्हती, तरी उजवा हात त्यानं मांडीवर जपून ठेवला होता. साहेबांना फोन करावा असं सकाळपासून तीनदा मनात आलं आणि तीनदा फोन परत खिशात गेला. काय बोलणार? शनिवारी गाडीतून उतरताना साहेब एवढंच म्हणाले होते, "हाताला मलम लाव." रागावले असते तर बरं झालं असतं. ऑफिसात असताना ते फाईल आपटायचे आणि तासाभरात विसरून जायचे. त्या माणसाचं ते हळू बोलणं हितेशच्या जिव्हारी लागलं होतं. रात्री डोंबिवलीला घरी पलंगावर पडल्यावरही त्याला पलंग बोटीसारखा हलतोय असं वाटत होतं. हेमा म्हणाली होती, "अहो, एवढा मोठा मासा मिळाला आणि तुम्ही सुतकात असल्यासारखे काय बसलायत?" तिला सांगायचं म्हटलं तरी सांगण्यासारखं काय होतं? साहेबांच्या हातून मासा निसटत होता, मी दोरी धरली. ह्यात चूक ती कुठली? ती म्हणाली असती, बरं केलंत.

आणि त्या क्षणी त्यालाही तसंच वाटलं होतं, हेच तर त्याला छळत होतं. बोट दिपेशची होती. तो रेवसकडचा कोळी, असे हौशी लोक समुद्रावर नेणं हाच त्याचा आता धंदा. किनारा दिसेनासा झाला, पाणी हिरव्याचं निळं आणि निळ्याचं जवळजवळ काळं झालं. बोटीमागे गळाला लावलेली खोटी मासळी ओढत ते कितीतरी वेळ नुसते फिरत राहिले. हितेश दोनदा ओकला. साहेब मात्र ताठ बसले होते, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या खोबणीत रॉडचं टोक, आणि निघण्याआधीच त्यांनी बजावून ठेवलं होतं, "मी पडलो तर मला धर. दोरीला हात लावू नकोस." मग एकाएकी रीळ किंचाळलं. दोरी अशी सुटली की ती तापू नये म्हणून दिपेशनं तिच्यावर पाणी ओतलं. "कुपा हाय शेठ, पिवळ्या पंखाचा!" तो ओरडला. अल्बाकोर नव्हे, पण त्याचा चुलतभाऊ, साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम त्या फोटोतला झाला. हितेशनं त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. रॉड वर खेचायचा, खाली सोडता सोडता दोरी गुंडाळून घ्यायची, परत खेचायचा. मासा जिंकायचा, मग साहेब जिंकायचे, मग परत मासा. ऊन डोक्यावर आलं. साहेबांच्या शर्टाची पाठ ओली झाली, ओठ पांढरे पडले, पण हात, नवल म्हणजे, हात हलत नव्हते. रॉडच्या वजनानं जणू ते जागेवर बसले होते. आणि मग मासा बोटीखाली आला, पाण्यात त्याची चांदी एकदा चमकून गेली, फक्त थोडी दोरी पाण्यात उरली, आणि साहेबांच्या उजव्या हातानं दगा दिला. रिळाची मूठ त्यांना सापडेना. ती समोर होती, बोटं तिच्या आजूबाजूला थरथरत फिरत होती आणि मूठ सापडत नव्हती. रॉड वाकून बोटीच्या कठड्याला टेकला. हितेशनं काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. त्याचा हात गेला. दोरीचा वेढा तळहाताला बसला, त्यानं खेचली, आणखी एकदा खेचली. "दादा, नको!" दिपेश ओरडला, पण तोवर दोरीचं शेवटचं जाड टोक वर आलं होतं. दिपेशनं ते हातमोजा घातलेल्या हातानं धरलं आणि माशाला लोखंडी आकडा मारला. मासा फळ्यांवर येऊन शेपटीनं धाडधाड वाजवू लागला. हितेश आनंदानं हसत साहेबांकडे वळला. त्याच्या हातातून रक्त गळत होतं हे त्याला कळलंही नव्हतं. साहेब माशाकडे बघत नव्हते. ते खाली मान घालून कमरेच्या पट्ट्याची कडी काढायचा प्रयत्न करत होते आणि ती निघत नव्हती, आणि ह्या वेळी पुढे व्हायची कुणाची हिंमत झाली नाही. कडी निघाल्यावर ते म्हणाले, "छान आहे. दिपेश, तूच घेऊन जा." दिपेश म्हणाला, "शेठ, तुमचाच की वो." साहेब म्हणाले, "नियम तुला माहीत आहे." दिपेशनं मान खाली घातली. धक्क्यावर उतरल्यावर त्यानं मासा ठेवलेली बर्फाची पेटी गुपचूप हितेशच्या पायाशी गाडीत ठेवली.

ती पेटी हितेशनं डोंबिवलीला नेलीच नाही. साहेबांना सोडल्यावर तो तसाच चेंदणीला गेला, आईच्या दारात ती ठेवली आणि हात मागे लपवून, उशीर झाला म्हणत निघून आला. आता संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्याचे पाय आपोआप तिकडेच वळले. कोळीवाड्यात आता होड्यांपेक्षा मोटरसायकली जास्त, पण आईच्या गल्लीत शिरल्याबरोबर त्याला कळलं की काहीतरी झालंय. ओट्यावर बसलेली शकूमावशी म्हणाली, "आला रं, कुपावाला आला! दाजीचा पोर शोभलास खरा." पलीकडच्या दारातून रघु, त्याचा शाळेतला सोबती, हात उंचावून म्हणाला, "मस्त होता हां, एकदम लोणी." हितेशच्या लक्षात आलं. आईनं मासा कापून सगळ्या गल्लीला वाटे घातले होते, पूर्वी घालायची तसे, आणि प्रत्येक वाट्याबरोबर त्याचं नाव घरोघर पोचवलं होतं. त्याचे कान तापले.

जनाबाई, त्याची आई, ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं आधी त्याचा हात पाहिला. "काय झाला रं हाताला?"

"दोरी लागली, आये."

"उघड्या हातानं धरलीस? तुजा बापूस पन असाच." तिच्या आवाजात कौतुक होतं. "माशाचा डोका ठेवलाय तुजा. फ्रीजमदी. ज्याचा पयला हात त्याचा डोका, आपल्यात तसाच हाय."

हितेश पायरीवर बसला आणि म्हणाला, "माझा नाय तो मासा. साहेबांचा आहे."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. हेमाला जे सांगता आलं नव्हतं ते आईला सांगता आलं, कारण लसूण सोलताना ती मान वर करत नव्हती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग त्याना वाटा कंदी दिलास?"

"आये, त्यांच्यात वाटा नसतो. दुसऱ्यानं हात लावला की मासा जातो."

"जातो कुठं? ह्यो काय, फ्रीजमदी हाय."

हितेशला हसू आलं. त्याला ओहोटीची खाडी आठवली. होडी चिखलातून वर ओढायची असली की दाजी नुसती हाक द्यायचा आणि गल्लीतले सगळे दोरीला लागायचे. म्हातारे, बायका, ज्याला ज्याला हात होता तो. मग ओल्या गोणपाटावर वाटे पडायचे, बोयरं, कोळंबी, चारदोन निवट्या, आणि ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा, मग त्याच्या हातानं होडी तसूभर हललेली असो वा नसो. लहानपणी हितेशनं एकदा नुसतं एक बोट दोरीवर ठेवलं होतं. दाजीनं त्याचाही वेगळा वाटा घातला होता, मूठभर जवळ्याचा. दोरी ताणलेली असताना हात बांधून उभा राहणारा माणूस त्या गल्लीत कुणी पाहिलेला नव्हता. तोच हात शनिवारी गेला. इथं हात लावला की मासा तुझा होतो आणि तिथं हात लावला की मासा जातो, आणि दोन्ही खरं आहे, हितेशला वाटलं. आईचं आईच्या जागी, साहेबांचं साहेबांच्या. मासा मात्र एकच होता.

जनाबाईनं त्याला पुढे काही बोलू दिलं नाही. डोकं दोन फाकांत चिरून ठेवलेलंच होतं. तिनं चिंच, लसूण आणि तिचा लाल मसाला घालून कालवण रटरटवलं, टोपावर झाकण ठेवून वरून पंचा बांधला आणि म्हणाली, "जा. त्याना सांग, जनाबाईनी धाडलाय. सांडू नको." हितेश तो टोप मांडीवर घेऊन रिक्षात बसला. कोळीवाड्यातून टेंभी नाका असा कितीसा लांब, पण प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी टोप धरत होता. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "भाई, क्या माल है, खुशबू आ रही है." हितेशला वाटलं, आपण अगदी हास्यास्पद दिसतोय. ज्या माणसाचा मासा आपण घालवला, त्याच्याच घरी त्याच माशाचं डोकं घेऊन चाललोय. साहेब दार लावून घेतील. लावलं तर टोप दाराशी ठेवून परत यायचं, एवढंच त्यानं ठरवलं.

दार मेघालीनं उघडलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "शनिवारपासून नीट जेवले नाहीत," ती हळूच म्हणाली. साहेब गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. हितेशला पाहून त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले, म्हणजे हलताना दिसू नयेत. हितेशनं टोप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, माझं चुकलं. तुम्ही सांगून ठेवलेलं, तरी हात गेला."

साहेबांनी त्याच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू दोरी धरलीस ह्याचा मला राग नाही आला रे. तू धरलीस, हातातलं वजन गेलं, आणि मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. अगदी तेव्हासारखंच. त्याचा राग आला." त्यांनी नाक्याकडे नजर वळवली. "इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या वेळी पोटात ढवळलं म्हणून दिला रॉड."

कुठलीही समजूत त्या जागी खोटी पडली असती. हितेशनं टोपाचा पंचा सोडला. झाकण काढल्याबरोबर चिंचेचा आणि मसाल्याचा वास खोलीभर झाला. "आईनं पाठवलंय," तो म्हणाला. "ज्याचा पहिला हात, त्याला डोकं. आमच्यात तशी पद्धत आहे. बाकीचा मासा गल्लीनं खाल्ला. हे तुमचं म्हणून ठेवलं होतं." तुमचं म्हणून ठेवलं होतं, एवढं मात्र तो खोटं बोलला.

साहेब उठून टेबलापाशी आले. टोपात डोकावून बघत उभे राहिले, माशाचा एक पांढरा डोळा त्यांच्याकडे बघत होता. "गालाचं मांस सगळ्यात चांगलं," ते म्हणाले. "आमची आई ते कुणाला द्यायची नाही." आणि बसले. मेघालीनं लगबगीनं ताटं मांडली, भात वाढला, अर्धं डोकं साहेबांच्या ताटात घातलं आणि सवयीनं खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. "थांबा बाबा, मी काटे काढून देते." साहेबांची बोटं ताटाशी थबकली. हितेशनं न राहवून म्हटलं, "असू दे, ताई." मेघालीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

मग हितेश आणि मेघाली नुसते बसून राहिले. साहेबांचा हात ताटात उतरला, हाडावरून घसरला, परत गेला. भाताची शितं टेबलावर सांडली. रस्सा मनगटापर्यंत आला. बोटं गालापर्यंत पोचायची आणि ऐन वेळी थरथरून भलतीकडे जायची, आणि प्रत्येक वेळी हितेशचा हात मांडीवरून उठायचा. तो त्यानं शेवटी मांडीखाली दाबून धरला, पट्टीखालची चीर दुखली तरी दाबून धरला. आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं. मेघालीनं तोंड फिरवलं होतं. बाहेर नाक्यावर बसचे हॉर्न वाजत होते. साहेबांच्या कपाळावर घाम आला. आणि मग हाडाच्या खोबणीतून मांसाचा तो गोल तुकडा त्यांनी अख्खा सोडवला, एकट्यानं.

त्यांनी तो तोंडाकडे नेला नाही. हात टेबलावरून पुढे आला, हलत, वाटेत थोडं सांडत, आणि तुकडा हितेशच्या ताटात पडला. "हात लावलास ना?" साहेब म्हणाले. "मग हा तुझा वाटा."

हितेशनं मांडीखालचा हात काढला. ताटातला तुकडा खाल्ला, मग टेबलावर सांडलेलंही वेचून खाल्लं. जनाबाईचा मसाला चिरेत शिरला आणि हात कोपरापर्यंत चुरचुरला, पण तो तसाच त्या हातानं जेवत राहिला.